स्वयंप्रकाशी पडदा

बंगळूरच्या राजाजीनगरात सायंकाळी फेरफटका मारताना दूरचित्रवाणीसंचांच्या एखाद्या दुकानापुढे पाऊल थबकतेच. समजा, काचेआड दोन संचांवर रात्रीच्या आकाशाचे एकच चित्र चालू आहे. एकावर ते आकाश राखी दिसते, तर शेजारच्या संचावर काजळासारखे काळेभोर. वाचकहो, हा भेद कशामुळे पडतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

पहिल्या संचात पडद्यामागे सतत दिवा जळत असतो आणि द्रवस्फटिकांचा थर त्याच्या प्रकाशाची वाट अडवतो किंवा मोकळी करतो. वाट कितीही अडवली, तरी थोडा प्रकाश झिरपतोच. दुसऱ्या संचात मागे दिवाच नाही. त्यातील प्रत्येक बिंदू म्हणजे सेंद्रिय संयुगांच्या अतिशय तलम थरांचा स्वतंत्र दिवा होय. वीज मिळाली की तो उजळतो, न मिळाली की पूर्ण विझतो. हाच 'ओएलईडी' पडदा.

अशा दिव्याचा व्यवहारोपयोगी मार्ग अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. छायाचित्रणाच्या साहित्यासाठी ख्यातनाम असलेल्या या कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकावर एक असे दोन तलम थर देऊन त्यांनी १० व्होल्टांहूनही कमी दाबात हिरवा प्रकाश मिळवला होता.

तथापि प्रयोगशाळेपासून दिवाणखान्यापर्यंतची वाट लांब होती. हे पदार्थ हवेतील ओलाव्याने व ऑक्सिजनने बिघडत. त्यांतही निळा प्रकाश देणारे पदार्थ इतरांच्या आधी थकत. जपानच्या पायोनियर कंपनीने १९९७ साली मोटारीतील ध्वनिसंचावर असा लहानसा पडदा बसवला. सोनी कंपनीचा ओएलईडी दूरचित्रवाणीसंच बाजारात येण्यास २००७ साल उजाडले. पडदा अवघा ११ इंची, जाडी सुमारे ३ मिलिमीटर आणि किंमत मात्र २ लाख येन!

आणि कोडॅक? तिने २००९ साली हा व्यवसाय कोरियाच्या एलजी समूहाला विकला. २०१२ साली तर तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. बी एकाने पेरले, पीक दुसऱ्याच्या खळ्यात गेले.

पडद्यांच्या इतिहासात बंगळूरचाही वाटा आहे. राजाजीनगरापासून फार दूर नसलेल्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. याच जातीच्या पदार्थांपासून पुढे जपानी उद्योगाने पातळ पापुद्रे तयार केले. ते लावल्यामुळे द्रवस्फटिकांच्या पडद्यावरील चित्र बाजूने पाहणाऱ्यासही नीट दिसू लागले. शोध येथला, कारखाना तेथला!

वास्तविक राजाजीनगराला कारखान्यांचे वावडे नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचे नाव या भागाशी निगडित आहे आणि मराठी वाचकांस तर ते घरचेच वाटेल. विजेची यंत्रे घडविणाऱ्या या वस्तीपासून संशोधनाचे मंदिर जवळच होते. उणीव होती ती शोधाला वर्षानुवर्षे पोसून कारखान्यापर्यंत नेणाऱ्या धीराची व भांडवलाची.

तेव्हा पडद्यावर काळेभोर आकाश दिसले, की घरातील मुलांना ही हकीकत अवश्य सांगा. शोधनिबंधापासून त्या ११ इंची पडद्यापर्यंत २० वर्षे लागली, हेही सांगा. त्यांच्यापैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत जाईल, कोणी कारखान्यात. त्या दोघांची गाठ येथेच, आपल्या गावी पडावी, एवढीच अपेक्षा.