'खाजण' ही संज्ञा आणि किनाऱ्याची जीवसृष्टी

एखाद्या भूप्रदेशाला दिलेले नाव हे त्याचे केवळ वर्णन नसते. त्या प्रदेशाशी कसे वागावे याचा निर्णयही पुष्कळदा त्या नावात अंतर्भूत असतो. कोकणकिनाऱ्यावरील 'खाजण' हा शब्द या दृष्टीने विचारार्ह आहे. भरतीला पाण्याखाली जाणारी व ओहोटीला उघडी पडणारी खाडीकाठची खारट, चिखलाची जमीन म्हणजे खाजण. पाण्याची ये-जा हेच तिचे व्यवच्छेदक लक्षण होय. याउलट, भारतातील पडीक जमिनींचे जे अधिकृत नकाशासंग्रह प्रसिद्ध झाले, त्यांत 'पाणथळ व दलदलीची जमीन' हा पडीक जमिनीचा एक प्रकार म्हणून नोंदलेला आढळतो. पहिल्या संज्ञेत पाण्याची गती आहे. दुसरीत जमिनीचा निरुपयोगीपणा गृहीत धरलेला आहे. यांपैकी कोणती वस्तुस्थितीला धरून आहे हे ठरविण्यासाठी खाजणातील जीवनव्यवहार पाहणे अवश्य आहे.

खाजणात तिवर, कांदळ, चिपी इत्यादी वृक्ष वाढतात. चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे तिवराची श्वसनमुळे जमिनीबाहेर डोके काढतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. या वृक्षांची गळलेली पाने खेकडे कुरतडतात, जीवाणू व बुरशी त्यांचे विघटन करतात, आणि त्यातून निर्माण होणारे सेंद्रिय कण कोळंबी, कालवे व लहान मासे यांचे अन्न होतात. बाहेर समुद्रात अन्नाचा आरंभ तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून होतो. नद्यांनी वाहून आणलेली द्रव्ये आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालच्या थरांतून वर येणारे पोषक पाणी यांवर त्या वाढतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी, या दोहोंवर तारली व बांगडा, आणि तशा माशांवर सुरमई अशी ही साखळी आहे.

खाजण व समुद्र हे दोन व्यवहार परस्परांपासून अलग नाहीत. कोळंबीच्या कित्येक जाती समुद्रात अंडी घालतात. पिले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळांत आश्रय घेऊन वाढतात आणि पुढे प्रजननासाठी समुद्राकडे परततात. खाडीचे मुख बुजले किंवा खाजणावर भराव पडला, तर त्याचा परिणाम दूरच्या समुद्रातील जाळ्यात दिसतो. 'पडीक' म्हणून गणलेली जमीन वस्तुतः समुद्राची रोपवाटिका असते.

येथे एक आक्षेप संभवतो. कोकणातील शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या बांध घालून खारी जमीन भातशेतीखाली आणली. मुंबई राज्यात १९४८ साली त्यासाठी खारजमिनींचा कायदाही झाला. हे सर्व चूक होते काय? गोव्यातील अनुभव या प्रश्नावर प्रकाश टाकतो. तेथे 'खाजन' हा शब्द बांधाने राखलेल्या शेतालाच लावतात. त्या बांधात 'मानस' नावाचे दार असते. त्याच्या झडपा ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडतात व भरतीच्या रेट्याने मिटतात. पाणी येथे नियंत्रित होते, पण त्याचा मार्ग कायमचा बंद होत नाही. म्हणून एकाच क्षेत्रात भात आणि मासळी दोन्ही मिळू शकतात. तात्पर्य, विरोध मानवी उपयोगाशी नसून पाण्याचा मार्ग समूळ तोडण्याशी आहे.

स्थळाप्रमाणे काळाचाही विचार केला पाहिजे. कोळी समाजाच्या बोलीत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या जोराच्या भरतीला 'उधाण' व अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला 'भांग' म्हणतात. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडाशी रोवलेले असल्याने त्याचे काम या चक्रावर अवलंबून असते. वार्षिक चक्रात खवळलेल्या समुद्रामुळे मासेमारी थांबे आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा लोटल्या जात. याच सुमारास अनेक जातींचे प्रजनन होत असल्याने त्या विरामाचा लाभ माशांनाही मिळे. आधुनिक कायद्याने यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घातली. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येत असल्याने परंपरेचा विराम कित्येक वर्षी याहून दीर्घ ठरतो. शिवाय जाळ्याचे आस लहान असतील, तर बंदीत वाचलेली पिले बंदी उठताच पकडली जातात; म्हणून आसांच्या किमान मापाचा नियम बंदीइतकाच महत्त्वाचा आहे.

संरक्षणाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१८ च्या निर्णयात न्यायालयाने कांदळवनांचा विनाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. तथापि केवळ रोपे लावणे म्हणजे संरक्षण नव्हे. पाण्याचा प्रवाह तुटलेल्या जागी लावलेली रोपे तग धरीत नाहीत. आणि जेथे मुळात वृक्ष नव्हते अशा उघड्या चिखलपट्टीवर लागवड केल्यास तेथे चरणाऱ्या पक्ष्यांचे अन्नक्षेत्र नष्ट होते. प्रवाह मोकळा केला आणि जवळपास बी देणारी झाडे असली, तर कित्येक ठिकाणी रोपे आपोआप रुजतात.

वरील विवेचनावरून 'खाजण' ही संज्ञाच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, हे स्पष्ट होईल. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर समुद्राची हद्द आहे, हे ज्ञान त्या शब्दात साठविलेले आहे. जमिनीच्या नोंदवहीत ते उतरेपर्यंत खाजणावर भराव टाकणाऱ्याला आपण केवळ पडीक जमीन उपयोगात आणीत आहोत असेच वाटत राहील.