पैनगंगेच्या पात्रातले बर्फाचे ओरखडे

आम्हा गोंदियाकरांना मे महिन्यात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर! पण विदर्भावर एकेकाळी खरोखरच हिमनद्या सरकत होत्या. आमगावकडचा आपला पट्टिताश्म (नाईस) खडक त्या हिमनद्यांहून कितीतरी जुना. पण बर्फाचा पुरावा पाहायचा तर चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या इरईला जावं लागतं. नदीपात्रातला चुनखडक तिथे घासून गुळगुळीत झालाय आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. त्यावर तालचीर नावाच्या थराचे गोटे, बारीक मातीत कसेही रुतलेले. वाहतं पाणी लहानमोठे दगड निवडून वेगळे टाकतं. बर्फ सगळं एकत्रच ओततो. फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये याची नोंद केली.

आता खरी गंमत. ओरखड्यांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला ते कळतं, पण या टोकाकडून की त्या? त्यासाठी गोट्यांचा खडक मुळात कुठला, त्यांचे लांब अक्ष कुठे झुकलेत, खडकाची कोणती बाजू घासली आणि कोणती उपटली गेली, हे तपासतात. काळ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपण गोंडवन या प्राचीन महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बरेच जवळ होतो. इरईला जाल तर हातोडी घरीच ठेवा.