९ महाळुंगं, ७ कवठं आणि १०७ रुपये: भावाचं कोडं सोडवायचं कसं?

तीन सफरचंदं, दोन केळी, समोर एकूण रक्कम आणि खाली 'फक्त हुशारांसाठी'. असं कोडं व्हॉट्सॲपवर आलं की ग्रुपमध्ये उत्तरांवरून भांडणं ठरलेली. पण हा प्रकार मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात फळांच्या भावाचं एक गणित आहे. ९ महाळुंगं आणि ७ कवठं मिळून १०७. ७ महाळुंगं आणि ९ कवठं मिळून १०१. तर प्रत्येक फळाचा भाव किती? सोयीसाठी रक्कम रुपयांत धरू.

एका अटीवर भागतं का?

नाही. फक्त पहिली अट घेतली तर महाळुंग ८ आणि कवठ ५ रुपये हे उत्तर जमतं (७२ + ३५ = १०७). पण महाळुंग १ आणि कवठ १४ रुपये धरले तरी जमतं (९ + ९८ = १०७). म्हणजे भांडणारे दोघंही बरोबर! दुसरी अट लावली की निकाल लागतो. दुसऱ्या उत्तराने बेरीज १०१ ऐवजी १३३ येते, म्हणून ते बाद.

अंदाज न लावता उत्तर

दोन्ही बिलं एकत्र करा. १६ महाळुंगं, १६ कवठं, २०८ रुपये. म्हणजे एका जोडीचे १३ रुपये.

आता फरक बघा. पहिल्या बिलात २ महाळुंगं जास्त, २ कवठं कमी आणि रक्कम ६ रुपयांनी जास्त. म्हणजे एक महाळुंग कवठापेक्षा ३ रुपयांनी महाग. १३ मधून ३ काढले, उरलेल्या १० चे निम्मे ५. कवठ ५, महाळुंग ८.

इथे फसगत होते

दुसरी अट '१८ महाळुंगं आणि १४ कवठं मिळून २१४' अशी असती तर? दिसायला ती नवी आहे, पण पहिलीचीच दुप्पट आहे. नवी माहिती शून्य, त्यामुळे पक्कं उत्तरही नाही. सोशल मीडियावरची काही कोडी म्हणूनच सुटत नाहीत.

किराण्यात उपयोग

समजा, २ किलो साखर आणि १ किलो तूरडाळीचा कॉम्बो २३० रुपयांना आहे. १ किलो साखर आणि २ किलो तूरडाळीचा ३२५ ला. बेरीज ५५५, म्हणजे एक-एक किलोचे मिळून १८५. फरक ९५. म्हणून साखर ४५, डाळ १४०. दोन्ही कॉम्बोंत भाव तोच धरलेला असेल, तरच हा हिशोब लागू पडतो. आता हे भाव सुट्या मालाच्या भावाशी ताडून बघा. कॉम्बो खरंच स्वस्त आहे की नुसताच तसा दिसतो, ते लगेच कळेल.