लोहाची सहावी जागा

हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांतल्या हीम या रेणूमधल्या लोहाला सहा बंध जोडता येतात. चार पॉर्फिरिन कड्यातल्या नायट्रोजननी अडवलेले, पाचवा हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा. सहाव्या जागी ऑक्सिजन बसतो. नायट्राइटही तिथेच बसतं, पण नायट्रोजनच्या बाजूने की ऑक्सिजनच्या? प्रयोगशाळेत बनवलेल्या साध्या लोह-पॉर्फिरिनमध्ये बहुधा नायट्रोजनच्या. २००६ मध्ये घोड्याच्या, नायट्राइट जोडलेल्या मायोग्लोबिन या प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र ते ऑक्सिजनने जोडलेलं दिसलं. शेजारचा दुसरा, ६४ क्रमांकाचा हिस्टिडिन हायड्रोजन बंधाने त्याला तसं वळवतो. या हिस्टिडिनच्या जागी व्हॅलिन घातलं, की जोडणी पुन्हा नायट्रोजनची. धातू तोच, शेजार बदलला की वागणं बदलतं. प्रथिनांच्या रसायनशास्त्रातली ही मला सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नायट्राइटची दुसरी करामत घातक आहे. ते हिमोग्लोबिनमधल्या फेरस लोहाचं फेरिक लोह करतं. असं लोह ऑक्सिजन वाहत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं, तान्हं बाळ निळं पडतं. खतांमधून विहिरीत उतरलेल्या नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून विहिरीच्या पाण्यात बाळाची दूध पावडर कालवण्याआधी ते पाणी तपासून घ्या.