सौर बंबातील अडलेली उष्णता

मागील हिवाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरील सौर बंब बिघडला. त्याच्या दोन पॅनेलांपैकी एकाच्या नळातून टाकीत कढत पाणी येई; दुसऱ्याचा नळ मात्र जेमतेम कोमट लागे. पाहावयास आलेल्या कारागिराने निर्णय दिला की, हे पॅनेल निकामी झाले, नवे घ्यावे. तो खर्च आम्हांस झेपणारा नव्हता. आणि परभणीत पौषाच्या पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा लहान मुलांस गार पाण्याने स्नान करावयास सांगणेही जिवावर येई. म्हणून काही विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन मी कारण शोधू लागलो.

प्रथम या बंबाचे मर्म ध्यानी घ्यावे. काचेखाली काळा पत्रा, त्यास जोडलेल्या तांब्याच्या उभ्या नळ्या, आणि पॅनेलाहून उंच ठेवलेली टाकी, एवढीच याची रचना. यास पंप नाही. २० अंश तापमानाचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे सुमारे ९८३ ग्रॅम. या १५ ग्रॅमांच्या फरकामुळे ऊन पाणी वर चढते व गार पाणी त्याच्या जागी येते. बळ इतके अल्प, म्हणून अडथळाही अल्पच पुरतो.

थंड देशांत घरोघरी ऊन पाण्याचे रेडिएटर असतात. त्यांचा वरचा भाग गार राहिला तर आत हवा, आणि तळ गार राहिला तर गाळ साचला, असे बहुधा समजतात. वरचा लहान स्क्रू किंचित सैल केला की हवा निघून जाते. आमचे दुखणे त्याच जातीचे, पण लक्षण उलटे होते. रेडिएटरास उष्णता पाणी देते, म्हणून प्रवाह अडताच तो गार पडतो. पॅनेलास ती सूर्य देतो, म्हणून प्रवाह अडताच ते अधिकच तापते. मुलांनी पाहिले, तो ‘निकामी’ पॅनेलाची झळ शेजारच्याहून तीव्र! त्याचा नळ टाकीकडे जाताना मध्येच उंच होऊन पुन्हा खाली झुकला होता. टाकी एकदा कोरडी पडली, तेव्हा त्या उंचवट्यात हवा अडकली असावी.

उपाय सूर्योदयापूर्वी, पॅनेल गार असताना करावा. भर दुपारी कढत पाण्याने व वाफेने भाजण्याचे भय असते. नळास टाकीपर्यंत सलग चढ द्यावा, हवा जाण्याची उभी नळी मोकळी करावी, आणि पाणी खालून सावकाश भरावे. एवढे करूनही गुण न आल्यास क्षाराचा संशय धरावा. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील चुना तापताच नळ्यांत थर धरतो. तो लिंबूसत्त्वाच्या द्रावणाने सुटतो. मग नळ्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात.

आमचा बंब दुसऱ्याच दिवशी पूर्ववत् झाला. बालमित्रहो, ते पॅनेल निकामी नव्हते. त्याजजवळ उष्णता होती, वाट तेवढी नव्हती. वर्गात मागच्या बाकावर मौन धरून बसणाऱ्या मुलाविषयी निर्णय देण्यापूर्वी आम्हां शिक्षकांनीही हे आठवावे.