कीटकनाशकांच्या मानवी संपर्काचे मापन

कीटकनाशकांच्या मानवी संपर्काचे मापन म्हणजे घरात किंवा कामाच्या ठिकाणी वापरलेल्या कीटकनाशकाचा किती अंश माणसाच्या त्वचेवर, श्वासात व शरीरात पोहोचतो, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. किती औषध फवारले यावरून शरीरात किती गेले हे कळत नाही. म्हणून बाह्य संपर्क व शरीरात शोषली गेलेली मात्रा स्वतंत्रपणे मोजतात.

कामाच्या ठिकाणी

फवारणी करणाऱ्यांच्या शरीरात कीटकनाशक मुख्यतः त्वचेवाटे शिरते. डरहम व वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी १९६२ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत कामगाराच्या अंगावर व कपड्यांवर शोषक पट्ट्या लावतात. काम संपल्यावर पट्टीवरील कीटकनाशक मोजून त्यावरून शरीराच्या त्या भागावर पडलेल्या एकूण प्रमाणाचा अंदाज काढतात. हात धुतलेल्या द्रवाचीही तपासणी होते. श्वासाजवळची हवा कॉलरला लावलेल्या नळीतून लहान पंपाने खेचून तपासतात.

घरात

डास पळवणाऱ्या अनेक कॉइल व द्रव उपकरणांत पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. त्यांच्या मापनासाठी खोलीतील हवा, धूळ व फरशी पुसून घेतलेले नमुने वापरतात. रांगणारी मुले जमिनीला स्पर्श करून हात तोंडात घालतात. त्यांचे वजनही कमी असल्याने दर किलो वजनामागे मात्रा अधिक ठरू शकते.

जैविक चाचण्या

अनेक पायरेथ्रॉइडांचा अंश मूत्रात ३-फिनॉक्सिबेंझॉइक आम्लाच्या रूपात सापडतो. तो काही दिवसांतच बाहेर पडत असल्याने एक नमुना केवळ अलीकडचा संपर्क दाखवतो. अन्नातील अवशेषांमुळेही तो आढळू शकतो. याउलट डीडीटीपासून बनणारे डीडीई शरीरातील चरबीत अनेक वर्षे टिकते.

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट कीटकनाशके कोलिनेस्टरेज या एन्झाइमचे कार्य रोखतात. त्यामुळे रक्तातील त्याची क्रियाशीलता तपासली जाते. ही पातळी मुळातच व्यक्तीनुसार वेगळी असते. म्हणून हंगामापूर्वीची मूळ पातळी नोंदवणे आवश्यक ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांनुसार तांबड्या पेशींतील पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील पातळी ६० टक्क्यांवर घसरल्यास कामगाराला त्या कामापासून दूर ठेवावे लागते.

मर्यादा

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीदरम्यान विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. अशा प्रसंगी मूळ पातळीची नोंद नसेल, तर एकाच चाचणीवरून सौम्य विषबाधा ओळखणे कठीण जाते. बरे होताना पुन्हा चाचण्या घेऊन तुलना करावी लागते. इतर गटांतील कीटकनाशकांची बाधा या चाचणीत दिसत नाही. त्यामुळे लक्षणे तीव्र असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात.