खोडदच्या तबकड्या आणि गुरुत्वाकर्षणाची परीक्षा

एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची लंबवर्तुळाकार कक्षा न्यूटनच्या नियमाप्रमाणे जागची हलत नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताप्रमाणे मात्र ते लंबवर्तुळच हळूहळू वळत जाते. बुधाच्या कक्षेत हे जादा वळण शतकाला अवघे ४३ विकला भरते. एक अंश म्हणजे ३,६०० विकला.

एवढे बारीक वळण दूरच्या ताऱ्यांत मोजायला घड्याळ लागते. ते पल्सार पुरवतो. हा गरागरा फिरणारा न्यूट्रॉन तारा ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदन पाठवतो. तो आपल्याकडे येऊ लागला की ठोके दाटीने पोहोचतात, दूर जाऊ लागला की विरळ. त्या फरकावरून कक्षा रेखता येते.

असा एक पल्सार २००४मध्ये पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने शोधला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पत्रा नाही, तारेची जाळी, आरपार आकाश दिसावे अशी. मृग नक्षत्राच्या बऱ्याच दक्षिणेला असलेल्या एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला हा पल्सार सेकंदाला सुमारे २०० ठोके देतो. १८.८ दिवसांच्या फेरीत तो जोडीदारापासून जवळच्या अंतराच्या जवळजवळ १७ पट दूर जातो. कक्षा इतकी लांबट असल्यानेच तिचे वळण टिपता आले: वर्षाला सुमारे ४६ विकला. बुधाला शंभर वर्षांत जमत नाही, ते इथे वर्षात होते.

तरीही याला सिद्धांताची परीक्षा म्हणता येत नाही. दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने आधी ठाऊक नसतात. २०१९मध्ये कक्षेचे वळण आणि जोडीदाराजवळ मंदावणारे घड्याळ या दोन परिणामांवरून ती निघाली: सूर्याच्या १.२५ आणि १.२२ पट. दोन मोजण्या दोन अज्ञातांतच खर्च झाल्या. परीक्षेला तिसरी हवी.

हल्स आणि टेलर यांना १९७४मध्ये सापडलेल्या जोडीत ती मिळाली. ७.७५ तासांची तिची फेरी दर वर्षी सेकंदाच्या ७६ दशलक्षांशांनी कमी होते, कारण गुरुत्वीय लहरी ऊर्जा नेतात. भाकिताशी हा आकडा ०.२ टक्क्यांच्या आत जुळला. १९९३चे नोबेल त्या शोधाला मिळाले. २००३मध्ये सापडलेल्या दुहेरी पल्सारच्या १६ वर्षांच्या नोंदींनी २०२१मध्ये ही अचूकता ०.०१३ टक्क्यांवर नेली. आइन्स्टाइनचा सिद्धांत तिथेही खरा उतरला.